गटात यायचंय, पण… : बचत गटाबद्दल बायका नेहमी विचारतात ते प्रश्न

मी खटाव तालुक्यातल्या एका गावात अकरा वर्षं गटाची वही लिहितेय. शिक्षण बारावी, त्यामुळे सचिवपद गळ्यात पडलं ते पडलंच. खालचे प्रश्न दळणाच्या रांगेत, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत विचारलेले आहेत. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाची लिहून काढली.

बचत गट, महिला मंडळ, भिशी, हे सगळं एकच ना?

नाही. भिशीत दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिनं उचल घ्यायची. फेरी संपली की भिशी संपली, मागे काही उरत नाही. मंडळ म्हणजे भजन, हळदीकुंकू, भोंडला, वर्षाची एक सहल, आणि वर्गणीवरून होणारे रुसवे. गटात पैसा साठत जातो, त्याच पैशातून सभासदांना कर्ज मिळतं आणि त्याचं व्याजही गटातच राहतं. आमच्याकडे बऱ्याचदा त्याच पंधरा बायका तिन्हीकडे असतात, म्हणून घोटाळा होतो. एकादशीला भजनात टाळ वाजवणारी काकू दहा तारखेला गटात हप्ता भरते आणि भिशीतही तिची चिठ्ठी असतेच.

हे सरकारनं काढलेलं आहे का?

बायकांनी एकत्र बसणं सरकारच्या किती तरी आधीचं. पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला १८८२ साली, रमाबाई रानड्यांनी पुण्याचं सेवासदन उभं केलं १९०९ साली. तिथं शिक्षण आणि शिवणकाम होतं, पैशाचा व्यवहार नव्हता. गट बँकेला जोडायची सुरुवात नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ मध्ये केली, देशभरात ५०० गट धरून. महाराष्ट्रात माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून आहे आणि ग्रामीण भागात २०११ पासून ‘उमेद’ हे सरकारचं जीवनोन्नती अभियान आलं. गावात कुणी “मी उमेदची” म्हणाली तर ती बहुतेक सीआरपी, म्हणजे अभियानानं गटांच्या मदतीला नेमलेली बाई असते. ती आपल्यासारखीच गावातली बाई, तिच्या हाताखाली दहा-वीस गट. तिला साहेबीण समजून घाबरू नका.

किती बायका लागतात?

दहा ते वीस. वीसच्या वर जायचं नाही, कारण नोंदणीशिवाय वीसपेक्षा जास्त लोकांनी मिळून असा व्यवहार करणं जुन्या कंपनी कायद्यात बसत नव्हतं. तो आकडा तिथून चिकटला. माझ्या मते बारा-तेरा हा सगळ्यात चांगला आकडा. वीस जणी एका ओसरीवर बसल्या की सहा जणींचं वेगळंच चालू असतं.

दर महिन्याला किती टाकायचं?

गटातल्या सगळ्यात गरीब बाईला जमेल तितकं. आमच्याकडे शंभर आहे. मध्यंतरी दोन शिक्षिका गटात आल्या आणि पाचशे करा म्हणाल्या. रोजानं भांगलायला जाणाऱ्या चौघी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, पुढच्या बैठकीला मात्र आल्या नाहीत. शंभरच ठेवलं, चौघी परत आल्या. शिक्षिकांनी वेगळा गट काढला, तोही चांगला चाललाय.

बैठकीत नेमकं करता काय? गप्पाच ना?

गप्पा असतातच. पण क्रम ठरलेला आहे. दहा तारखेला संध्याकाळी, जेवणं व्हायच्या आत, एकीच्या ओसरीवर सतरंजी पडते. गोल बसायचं, म्हणजे कुणी पुढं नाही नि कुणी मागं नाही. हजेरी. मागच्या बैठकीचं वाचन. मग बचत, मग परतफेड, मग कर्जाची मागणी, शेवटी इतर विषय. उशिरा आलं तर दहा रुपये दंड. हा दंड आतापर्यंत सगळ्यात जास्त मीच भरलाय.

पत्र्याची पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ली दुसरीच्या कमरेला. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, मोठ्यानं. हे “मोठ्यानं” फार महत्त्वाचं. एकदा वीसची नोट कमी भरली. अर्धा तास सगळ्यांनी साड्यांचे पदर झटकले, सतरंजी उचलली. नोट वहीच्या पुठ्ठ्यात निघाली. तो अर्धा तास हसण्यात गेला, पण मोजणी मनात झाली असती तर त्या वीस रुपयांवरून एकीचं नाव गावभर झालं असतं.

कर्जाची मागणी हा खरा भाग. उभं राहून, किंवा बसूनच, पण तोंडानं सांगायचं की इतके हवेत, कशासाठी, कधी फेडणार. मोटारीचं वायंडिंग जळालं, पोराची फी, शेळी, सुनेचं बाळंतपण. तीन वर्षांपूर्वी एका आक्कांनी आठशे रुपये मागितले. कशाला विचारलं तर म्हणाल्या, चष्म्याला. घरी दोन कमावते मुलगे. कुणी काही विचारलं नाही, दिले. पुढच्या महिन्यात चष्मा लावून आल्या आणि माझ्या वहीत वाकून म्हणाल्या, “माझं नाव एवढं बारीक का लिवलंस गं?”

गटाचं महिन्याला शेकडा दोन व्याज म्हणजे सावकारीच की!

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा पुरुष असतात, आणि हिशेब न करता विचारतात. करून बघू. पाच हजार घेतले, महिन्याला पाचशे मुद्दल फेडायचं, म्हणजे दहा महिने. व्याज उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्यात शंभर, दुसऱ्या महिन्यात नव्वद, मग ऐंशी, असं करत शेवटी दहा. दहा महिन्यांचं मिळून साडेपाचशे. शेकडा पाचनं सावकाराकडून तेच पाच हजार उचलले तर महिन्याला अडीचशे. दहा महिन्यांत अडीच हजार व्याज जातं आणि मुद्दलाचे पाच हजार डोक्यावर तसेच उभे.

गटातले साडेपाचशे शिवाय गटाच्या पेटीत येतात आणि पेटी तुमची आहे. तरीही वर्षाला चोवीस टक्के म्हणजे स्वस्त नाहीच, हे मी कबूल करते. बँकेचं कर्ज मिळायला लागल्यावर काही गट आतला दर शेकडा दीडवर किंवा एकवर आणतात. आणावाच.

बँक आमच्यासारख्यांना उभं करते का? तारण काय द्यायचं?

तारण लागत नाही. गटाला दहा लाखांपर्यंत विनातारण कर्ज द्यायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि २०२१ मध्ये ही मर्यादा वीस लाखांपर्यंत वाढली. सरकारी अभियानातल्या गटांसाठी व्याजात सवलतही असते, हप्ते वेळेवर असतील तर. सहा महिने बैठका, बचत, आतलं कर्ज, परतफेड आणि वह्या या पाच गोष्टी नियमित दिसल्या की प्रकरण पुढं सरकतं. यालाच पंचसूत्री म्हणतात.

आता खरं सांगते. नियम कागदावर आहे आणि काउंटरवर माणूस आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा “पुढच्या आठवड्यात या” हे वाक्य पाच आठवडे ऐकलं. सहाव्या आठवड्याला दोघींऐवजी अकरा जणी गेलो आणि बाकड्यावर बसून राहिलो. भांडण नाही, आवाज नाही. एकीनं शेंगा आणल्या होत्या. दुपारी खातं उघडलं.

कागद काय लागतात? माझ्या आधारवर माहेरचं नाव आहे.

गट काढल्याचा ठराव, पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन आणि फोटो. बचत खातं उघडताना सगळ्या सभासदांचे कागद मागायची गरज नसते, पदाधिकाऱ्यांचे पुरतात, हेही रिझर्व्ह बँकेनंच म्हटलेलं आहे. मागितले तर नम्रपणे सांगा.

नावाचा घोळ मात्र खरा आहे. आमच्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरंच, आणि गावात हाक “अमक्याची आई”. पहिल्या हजेरीला मी एका काकूंचं आधारवरचं नाव पुकारलं, त्या गप्पच. दोनदा पुकारलं. शेजारच्या बाईनं कोपर मारलं तेव्हा दचकून म्हणाल्या, “व्हय की, मीच ती.” ज्या नावानं बँकेत सही करणार, तेच नाव वहीत लिहा, म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतात.

दर आठवड्याला वसुलीला माणूस येतो, तोही “गट”च म्हणतो. तो कोणता गट?

तो आपला गट नव्हे. हे सगळ्यांना नीट समजावं म्हणून इथं थांबते.

मायक्रोफायनान्स कंपन्या पाच-दहा बायकांना एकत्र बसवतात, एकमेकींना जामीन ठेवतात आणि कर्ज देतात. बोलीत त्यालाही बचत गट म्हणतात, पण तिथं बचत नाही, पेटी नाही, व्याज कंपनीकडे जातं आणि हप्ता कधी नि किती हे कंपनी ठरवते. कर्ज लवकर मिळतं, घराच्या दारात मिळतं, म्हणून बायका घेतात. घेणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. दवाखान्यात माणूस असताना सहा महिन्यांची पंचसूत्री कोण बघत बसणार? पण एका कंपनीचा हप्ता भागवायला दुसरीचं कर्ज, दुसरीचा भागवायला तिसरीचं, अशी साखळी लागली की बाई रात्री झोपत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका बाईकडे अशा चार कंपन्यांची कार्डं होती. नवऱ्याला दोनच माहीत होती.

२०२२ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम पाठ ठेवा. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुली ठरलेल्या जागी व्हायची, लागोपाठ दोनदा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. दमदाटी, शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर लाज काढणं, काहीच चालत नाही. रात्री आठला दारात बसून राहणाऱ्या माणसाला हे एकदा ऐकवलं की तो उठतो. एकटीनं ऐकवलं तर उठेलच असं नाही, तिघी-चौघी जा.

आमच्या गटात एकीनं हप्ता थकवला तर?

थकवतातच. आधी घरी जाऊन चहा प्यायचा आणि कारण बघायचं. बोंड काळं पडलं, नवरा पडला, की ती नुसतीच टाळतेय, हे घरात गेल्यावर पाच मिनिटांत कळतं. पहिल्या दोन कारणांत हप्ता लांबवा, ठराव लिहून. तिसऱ्यात दंड लावा.

आम्ही एक चूक केली, ती सांगते. एका वहिनींचे चार हप्ते राहिले आणि आम्ही सगळ्याजणी एकदम त्यांच्या दारात गेलो, भरदुपारी. गल्ली जमली. पैसे दुसऱ्या दिवशी आले, वहिनी मात्र पुन्हा गटात आल्या नाहीत. पुढं कळलं की त्यांनी ते पैसे मंगळसूत्रातले मणी मोडून आणले होते. कंपनीचा माणूस करतो तेच आम्ही केलं, फक्त साड्या नेसून. तेव्हापासून वसुलीला दोघींपेक्षा जास्त जणींनी जायचं नाही, हा वहीत लिहिलेला नियम आहे.

कर्ज माझ्या नावावर, वापरतो नवरा. काय करू?

हे फार घरांत आहे, लपवण्यात अर्थ नाही. ड्रिपची नळी आली, मोटरसायकलचा हप्ता गेला, कधी सरळ दारूत गेले. आम्ही दोन गोष्टी करतो. मागणीच्या वेळी कारण सगळ्यांसमोर विचारतो, आणि महिन्याभरानं ती शेळी खरंच दारात आहे का ते बघून येतो. नवऱ्यानं शेतात घातले तर हरकत नाही, घर दोघांचं आहे. पण मग सातबाऱ्यावर तुमचं नाव लावायचा विषय काढायला ती वेळ चांगली असते, एवढं सुचवून ठेवते.

घरचे नको म्हणतात.

सासूला घेऊन या. खरंच. आमच्यात चार सासू-सुनांच्या जोड्या आहेत. नियम एकच, दोघींनी शेजारी बसायचं नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही.

अंगठा चालतो. सही शिकलात तर उत्तम, दोन बैठकांत येते. आमच्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा रिझर्व्ह बँकेनं आधी अर्ज परत पाठवला, प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवतो, म्हणाल्या, साहेबांनी तोच आकडेमोडीचं यंत्र न घेता करून दाखवावा. १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक सुरू झाली. म्हसवड आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे ही गोष्ट इकडं कुणीही सांगते, आणि दर वेळी साहेबांचा चेहरा थोडा जास्त पडलेला असतो.

मालक गलाईला परराज्यात, मी निम्मं वर्ष तिकडं. गटात राहू शकते का?

आमच्या भागातला खास प्रश्न. खटाव, माण, खानापूर, आटपाडीतली किती तरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. पैसे फोनवरून येतात, अडचण पैशाची नाहीच. पण लागोपाठ तीन बैठका चुकल्या की आम्ही नाव कमी करतो. कठोर वाटेल, पण जिला आम्ही बघत नाही तिच्या कर्जाला जामीन कसं राहायचं? तिकडच्या मराठी बायका एकत्र येतात, हळदीकुंकू, गणपती करतात. तिथंच पेटी सुरू करा, आमच्या वहीचा नमुना पाठवते.

गटात सगळ्या जातीच्या बायका असतात का?

असाव्यात असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात गट आळीनुसार बनतात आणि आळ्या जातीनुसार आहेत. आमचा गट मिश्र आहे, तरी पहिलं वर्षभर चहा दोन घरी व्हायचा नाही. कुणी ठराव केला नव्हता, बैठकच तिथं ठेवली जात नव्हती. मग पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी, असा नियम आला. पहिल्या वेळी दोघी “उपास आहे” म्हणाल्या. आता नाही म्हणत.

विधवा बायकांना हळदीकुंकवाला बोलावता का?

हो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या गावांना तसं आवाहन केलं. आमच्याकडे संक्रांतीला आता वाण सगळ्यांना मिळतं. कुंकू किती जणी लावून घेतात? तिघींपैकी एक. बाकी दोघी तिळगूळ घेतात नि कपाळ मागं घेतात. जबरदस्ती करायची नाही असं ठरलंय.

नेहमी पापड-लोणचंच का करता?

कारण ते येतं, आणि भांडवल कमी लागतं. त्याला हसू नका. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं लिज्जत झालं. गिरणगावात कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्यांना प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं, तेही पोळी-भाजीवरच.

पण प्रत्येक गटानं मसालाच केला तर घेणार कोण? मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, म्हणजे गटांच्या मालाच्या प्रदर्शनाला, आम्ही एकदा गेलो. एका रांगेत नऊ स्टॉल काळ्या मसाल्याचे. आमचा निम्मा माल परत आला. घाण्याचं करडईचं तेल नेलेला गट तिसऱ्या दिवशी रिकामा झाला. आता आम्ही मसाल्याऐवजी माणदेशी घोंगडीवाल्यांकडून घोंगड्या घेऊन विकतो. नफा कमी आहे, पण माल परत आणायला टेम्पो लागत नाही.

गट दारू बंद करू शकतो का?

परवान्याचं दुकान असेल तर कायदेशीर वाट आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). मेख अशी की एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्या बाजूनं मोजली जाते म्हणा ना. त्यामुळे मतदानाच्या दिवशी गाड्या काढून म्हाताऱ्यांना आणावं लागतं. हातभट्टीला मात्र मतदान नाही, तिथं पोलीस आणि आपला पाठपुरावा.

पुढाऱ्यांच्या सभेला जावं लागतं का?

लागत नाही. बोलावणं येतं, गाडी येते, कधी साडीही येते. जायचं असेल तर जा, पण “गट म्हणून” कुणी नेऊ शकत नाही. आमच्या वहीत असा ठराव आहे, आणि तो आम्ही एकदा मोडलाही आहे. जेवण चांगलं होतं, परत यायला रात्रीचे अकरा वाजले, एकीची गाय त्या रात्री व्यायली आणि घरी कुणी नव्हतं. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा २०११ पासून बायकांच्या आहेत. गाडीत बसून सभेला जाण्यापेक्षा अर्ज भरा म्हणते मी. आमच्यातल्या दोघींनी भरला, एक पडली, एक आली.

गट मोडला तर पैशाचं काय?

बँकेचं कर्ज आधी फेडायचं. मग जिची तिला बचत, आणि व्याजाचा नफा ठरावाप्रमाणे वाटून. वही नीट असेल तर एका दुपारचं काम. वही नीट नसेल तर दोन वर्षं बोलणं बंद.

पहिल्या बैठकीला काय घेऊन येऊ?

शंभर रुपये, सुटे. आधारची झेरॉक्स. लहान पोर असेल तर त्यालाही आणा, कोपऱ्यात खेळतं. येताना पिशवीत स्वतःचं पाण्याचं भांडं नको, ज्या घरी बैठक असेल तिथलंच पाणी प्यायचं. आणि सव्वासहाला या, सहा म्हटलं असलं तरी. मी तेव्हाच पोचते.